उकंडरावची साक्ष

आमची छकुली तापानं गेली, तवा चार वर्साची होती. पन सपनात ते वाढून राह्यली होती, खरं सांगते. दुपारी जेवनं झाल्यावर मी अन् आमचे मालक उकंडराव जरा आडवे झालो का दोघायलेही एकच सपन पडे. त्यात छकुली दोन वेण्या घालून देऊळघाटच्या शाळेत जाये. कोनाले सांगावं? लोक येडं म्हनतीन.

एक दिवस दोघायचा डोळा लागला तं घर नाही, शाळा नाही. धाड गावच्या बाजाराची रिकामी जागा. ओट्यायवर लोकायची सपनं टोपल्यायत ठेवलेली. समोर चष्मा लावून एक बाई बसलेली. म्हने, सपनायची लई गर्दी झाली, आज निवाडा होईन. कामाची ठेवू, बाकीची पुसून टाकू. आमच्या टोपलीत छकुली बसली होती, टुकुटुकु पाहत.

मी पुढं झाले तं बाई म्हने, "ज्याच्या नावावर सपन, त्यानंच बोलावं."

घ्या! शेत आमच्या मालकायच्या नावावर, घर यायच्या नावावर, अन् आता माह्या लेकराचं सपनही! मी ओरडाले गेले, पन तोंडातून आवाजच निघेना.

"पोरगी कशी हाय?" बाईनं यायले इचारलं.

आता हे काय सांगतीन, मले ठाऊक होतं. सासूची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हून हे जन्मले तसे सुपात घालून उकिरड्यावर ठेवले होते. नावही उकंडराव ठेवलं. कचरा समजून मरनानं सोडून देलं, असं सासू सांगे. तवापासून हा मानूस आपल्या चांगल्या वस्तूले कधी चांगलं म्हनत नाही. धडधाकट बैलाले मरतुकडा म्हनीन, फुललेल्या कपाशीले रोगट. अन् छकुलीले तं पाळन्यापासून...

"काय सांगू, बाईसाहेब," हे हात जोडून म्हनले. "काळी कुट्ट हाय. काही कामाची नाही. उकिरड्यावर टाका, कोनी उचलनार नाही."

अवो, काय बोलून राह्यले! मी यायचा सदरा ओढाले गेले, हातच पोचेना.

"बापच म्हनते तं पुसा," बाई म्हने.

तवा कुठं यायले कळलं. "नाही जी! दिठ लागू नाही म्हून म्हनलो! लई गुनाची हाय माही पोट्टी!" ढसाढसा रडून राह्यले होते. पन बाई म्हने, साक्ष एकदाच घेतेत.

छकुली मात्र हासून राह्यली होती. बाप लाडात आला का असाच बोलते, तिले ठाऊक होतं. हासता हासताच टोपलीवर झाकन पडलं.

जाग आली तं हे बाजेवर उठून बसले होते. यायले लई बोलनार होते मी. पन तोंड पाह्यलं अन् पान्याचा तांब्या पुढं केला.

"तिले कळलं असन न वं?" यायनं इचारलं.

"हाव," मी म्हनलं. "हासत होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आडवे झालो. नुसती झोप लागली.