उताणं इंजीन

इंजीन पुढे निघालं आणि तोंडावरचा लाल दिवा लागला. पुन्हा.

जावयाने कपाळावर हात मारला. पुढे जाताना पांढरा, मागे येताना लाल, एवढी साधी गोष्ट; पण दोन मोठ्या माणसांना ती दुपारपासून बोटावर नाचवत होती.

सासरे जन्मभर वायरमन. घरच्या जिन्यावरून पडले तेव्हा लेक त्यांना इथे घेऊन आली, पण त्यांचं मन काही रमेना. लेकीच्या घरी किती दिवस पडून राहायचं, उद्या सकाळी परत जातो, असं त्यांनी जाहीर केलं होतं. तिकडे तोच जिना, आणि ते एकटे. बायको डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, “तू काहीतरी कर.” काहीतरी म्हणजे काय, हे सांगायला ती थांबली नाही. बिचाऱ्याने मग आपलं छंदाचं कपाट उघडलं आणि छोट्या रेल्वेच्या इंजिनाला दिवे बसवायला सासऱ्यांची मदत मागितली.

सगळं घरीच केलेलं. संपलेल्या रिफिलच्या नळीची खोबण, काच म्हणून पारदर्शक गोंदाचा थेंब, जुन्या इयरफोनमधली केसाएवढी तार. सासरे त्यात असे शिरले की जेवायलाही उठेनात.

“तारांची अदलाबदल करा,” ते म्हणाले.

“केली होती, बाबा. तेव्हाही चुकलं.”

“मग परत करा. वीज काय मनाला येईल तशी वाहते का?”

इंजीन स्पंजावर उताणं झालं, चाकं वर. जावयाने तारा बदलून सोल्डर केल्या, सासऱ्यांनी चाकांना वीज लावली. चाकं पुढे फिरली, दिवा लाल. “बघा, चुकलंच,” म्हणून तारा होत्या तशा केल्या. आता चाकं पुढे, दिवा पांढरा. दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. इंजीन सरळ करून रुळांवर ठेवलं, तर पुढे जाताना लाल.

“तुमच्या रुळांत खोट आहे,” सासरे म्हणाले.

जावयाला वाटलं, खोट आपल्याच डोक्यात असावी. तो पाणी प्यायला उठला.

वाटेत सासऱ्यांची भरलेली बॅग होती. लेकीने रागाने उलटी आपटलेली, चाकं छताकडे. त्याने सहज एक चाक बोटाने फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. बॅग पुढे ओढताना चाकाची जमिनीकडची बाजू मागे जाते. उलटी केली की तीच बाजू वर. म्हणजे उताण्या इंजिनाची चाकं पुढे फिरताना दिसतात, तेव्हा ते खरं तर मागे चाललेलं असतं.

हात्तिच्या. तो पळतच आत आला.

“बाबा, सापडलं.”

सासऱ्यांनी तारा पुन्हा सुट्या केल्या होत्या. मान वर न करता ते लेकीला म्हणाले, “उद्याचं काही जमायचं नाही बरं का. असं अर्धवट काम टाकून मी आजवर कुठल्या घरातून निघालेलो नाही.”

बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“काय सापडलं, जावईबापू?” सासऱ्यांनी विचारलं.

“चिमटा,” जावई म्हणाला.

त्याला हसू येत होतं. तो खुर्ची ओढून सासऱ्यांच्या शेजारी बसला, चष्मा पुसला, आणि समजून-उमजून, अगदी नीट, दिवा चुकीचा जोडला.