खंडेनवमीचा सर्व्हर

खंडेनवमीला कोयत्याची, विळ्याची, पान्याची पूजा होते, मग सर्व्हरनंच कुणाचं काय घोडं मारलं होतं? केम गावच्या वाचनालयाचे शिपाई धोंडीराम यांनी चालू सर्व्हरमधल्या चारही डिस्क एकेक करून ओढल्या, पुसल्या आणि हळदकुंकू लावून हाताला येईल त्या खाचेत परत बसवल्या. झालं! अकरा वर्षं रेकॉर्ड करून जमवलेली गावातल्या जुन्या माणसांची बोलणी गडप. दुसरी प्रत काढायचं दर वर्षी नुसतं ठरत होतं.

सर्व्हर सांभाळायचा एजाज, तोही जुळे सोलापुरातल्या आपल्या घरात बसून. फोनवर तो आधी तापलाच. धोंडीरामकाकांनी निमूट ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "आमच्या हिचं बोलणंबी त्यातच हाय. गेलं व्हय?"

सोनाबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात त्यांचा फोटो होता, आवाज मात्र या एकाच ठिकाणी होता. एजाजला आपल्याच रागाची लाज वाटली.

त्यानं तिथूनच एकेक डिस्क तपासली. सगळ्यांत आधी निघालेली, ओल्या फडक्यानं पुसलेली, कायमची गेली होती. उरलेल्या तिघींच्या जागा बदललेल्या. क्रम चुकवून त्यांच्यावर काही लिहिलं गेलं, तर होतं तेही जाणार. पण प्रत्येकीच्या पोटात तिचा नंबर लिहिलेला सापडला. कुठंही बसवा, आपण कोण हे ती विसरली नव्हती.

एजाजनं तिघींना जोडलं. माहिती चौघींत अशी वाटलेली असते, की एक गेली तरी बाकीच्या मिळून तिचा वाटा गणितानं काढून देतात. हे तो पंधरा वर्षांपूर्वीच शिकला होता. तरी रेकॉर्डिंगांच्या यादीतलं एकेक नाव पडद्यावर उमटू लागलं, तसा त्याच्या अंगावर काटा आला. जे आता कुठंच लिहिलेलं नाही, ते उरलेल्यांनी मिळून अक्षर न् अक्षर सांगावं!

मग सोनाबाईंचं रेकॉर्डिंग लावून त्यानं फोन स्पीकरजवळ धरला. थोडी खरखर झाली. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं नवऱ्याचं नाव विचारलं, तशा सोनाबाई हसल्या.

"नाव कसं घिऊ, बाई? हितंच बसल्यात की."

मग धोंडीरामकाका बोलले, पण एजाजशी नाही.

"व्हय," ते म्हणाले. "हितंच हाय मी."