‘विश्वशुद्धी’ची परीक्षा

जंतू मारायच्या औषधाची परीक्षा घ्यायची तर आधी जंतू पाळावे लागतात, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. कोथरूडच्या आमच्या लॅबमध्ये मी त्यांना खाऊपिऊ घालते, उबेत निजवते. मग एका बशीत ग्राहकाचं औषध लावलेले जंतू, दुसरीत नुसतं पाणी लावलेले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बशीत जंतू वाढलेले दिसायला हवेत, औषधाच्या बशीत नाही. इतकं सोपं.

विश्वजीतरावांनी गावची जमीन बिल्डरला देऊन फरशी पुसायच्या औषधाचा कारखाना काढला होता. औषधाचं नाव ‘विश्वशुद्धी’. बाटलीवर ‘शंभर टक्के जंतुनाश’ छापूनही झालं होतं. आता एका मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर माझ्या रिपोर्टवर अडली होती. रिपोर्ट नापास, तर कारखान्याला कुलूप.

निकालाच्या दिवशी ते आईला, मुक्ताबाईंना, घेऊन थेट आत आले. बाहेरच्यांना मनाई आहे हे दारावर ठळक लिहिलंय. पण पुण्यातल्या पाट्या वाचायच्या असतात, पाळायच्या नसतात, असा त्यांचा समज असावा.

बशा टेबलावर मांडल्या आणि माझा फोन वाजला. मी बाहेर गेले. अंदाज घ्यायला विश्वजीतराव मागोमाग. परतलो, तर मुक्ताबाई सिंकपाशी उभ्या आणि झाकणावर लेकाचं नाव असलेली बशी लख्ख घासून पालथी घातलेली!

मी किंचाळलेच. आधी त्यांचे हात धुऊन घेतले, लेकाच्या नव्हे, आमच्या खात्रीच्या औषधाने.

विश्वजीतरावांनी बशी उजेडात धरली. “मॅडम, एकही जंतू नाही. लिहा पास.”

“लिहिते की. ‘आईने घासल्यास शंभर टक्के.’”

“अहो, घासायच्या आधीही स्वच्छच असणार! आई, सांग यांना.”

“स्वच्छ असती तर घासली असती व्हय?” मुक्ताबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “वर तुझं नाव, आत ही घाण. लोक काय म्हनतील?”

“मग ही दुसरी का ठेवलीत, मावशी?” मी पाण्याची बशी दाखवली.

“तिच्यावर कुठं माझ्या लेकाचं नाव हाय?” विश्वजीतरावांचा चेहरा पडलेला पाहून माउलीला राहवेना. लेकाची बाजू सावरायला त्या घाईघाईने म्हणाल्या, “पर बाई, खरं सांगते. याच्याच बशीत घाण जास्त व्हती असं न्हाई. दोन्हीत अगदी सारखीच व्हती.”