रुख्मिणीताईंची खुशाली

जनकाबाईंनी पिशवीतल्या तुरीच्या शेंगा मयुरीच्या टेबलावर ओतल्या आणि पदराने घाम पुसला.

“रुख्मिणीताईसाठी आनल्या. तिचं गाव कोनतं, तेवढं सांग माय. सोनाळ्याहून आली मी, पेजवरचा हा पत्ता सुनेनं लिहून देल्ला.”

मयुरीचा हात कीबोर्डवरच राहिला. खामगावातल्या या जाहिरातीच्या ऑफिसात बसून रुख्मिणीताईंना तिनेच जन्माला घातलं होतं. कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीचं फेसबुक पेज, त्यावर हिरव्या लुगड्यातल्या बाईचा संगणकावर बनवलेला फोटो. विधवा, आठ एकर, दोन मुली. आणि बोलणं असं गोड की वाचणाऱ्याने बियाण्याची पिशवी घेऊनच घर गाठावं. दीड वर्ष मयुरीला या बाईचा अभिमान होता. यंदा बोंडांत गुलाबी अळी निघाली, लोक पेजवर शिव्या घालू लागले, आणि कंपनीने कळवलं, आता काही लिहू नका.

“काऊन पाह्यजे तिचं गाव?”

“वीस दिवस झाले, एक शब्द नाही तिचा. माह्या दोन एकरात अळी निंगाली, तिचं तर आठ एकर. दोन पोरी घेऊन एकटी बाई.” जनकाबाईंचा आवाज खाली आला. “माहा घरधनी गेला, तवापासून सून मले तिचं लिहिलेलं वाचून दाखवते. मनाले म्हनो, ती निभावते तर आपूनबी निभावू.”

मयुरीला लाज वाटली, शेंगांकडेही पाहवेना. तिने खरं सांगून टाकलं.

“मावशी, अशी कोनी बाईच नाही. ते सारं मीच लिहिते. जाहिरात असते ते. फोटोबी खोटा हाय.”

पेज उघडून ती कुठे लिहिते तेही तिने दाखवलं. जनकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी मयुरीच्या पाठीवर हात ठेवला.

“लपवू नको. माहा घरधनी गेला तवा मलेबी दिवसभर कोनी सांगतलं नाही. दवाखान्यात हाय म्हनत. सांगनाऱ्याच्याबी जिवावर येते.”

“मावशी, खरंच सांगून राह्यली मी.”

“कवा झालं?”

मयुरीला पुढे बोलताच येईना, आणि ते गप्प बसणंच नडलं. जनकाबाईंनी दाराशी जाऊन, मरणाची खबर ऐकल्यावर भरतात तशी चूळ भरली.

“तिले नाही जमलं, तं मले काय जमते,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पेजवर त्यांच्या सुनेने लिहिलेलं होतं, ‘रुख्मिणीताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.’ संध्याकाळपर्यंत खाली शंभरावर लोकांनी हात जोडले होते. डोणगावच्या कुणीतरी विचारलं होतं, ताईच गेल्या, आता आम्ही कोणाकडे पाहायचं?

मयुरीने कंपनीची मनाई धाब्यावर बसवली. रुख्मिणीताईंच्या नावाने तिने लिहिलं, ‘मी बरी आहे. जनकाबाई, धीर सोडू नका.’

उत्तर लगेच आलं.

‘माझ्या सासूबाई सांगतात, गेलेल्या बाईची थट्टा करू नका. ताईंचा फोन ज्याच्या हाती असेल, त्याने तो त्यांच्या पोरींना नेऊन द्यावा.’