पाकेंचा घसा

चेन अर्ध्यावर अडकली. जॅनानं एका हातानं थिओचं नाक पुसलं, दुसऱ्या हातानं त्याच्या जाड कोटाची चेन खाली ओढून पाहिली, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मागे पाके उभे होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, तिच्या हातात ठेवला आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"काय झालं?"

पाकेंनी तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली.

"घसा बसलाय," मागून येत बेप्पे म्हणाल्या. "दुपारी गोठ्यात गेले तेव्हा धड होते, आले ते मुके होऊन. मध घ्या म्हटलं, मान हलवली. गुळण्या करा म्हटलं, मान हलवली. मग भाषण कोण करणार म्हटलं, तर फ्रिजवरच्या तुझ्या फोटोकडे बोट!"

"मी?"

"कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं कोण मिळवत होतं? मी का? मी तर चर्चमध्ये सूचना वाचायची झाली तरी आधी रात्रभर जागते."

पाके म्हणजे जॅनाचे सासरे, आर्लन होकस्ट्रा. न्यू हार्लिंगेनच्या जुन्या, नेदरलँड्सहून आलेल्या फ्रिसियन घरांतून आजोबांना पाके म्हणतात, आजीला बेप्पे, आणि मोठी मुलगी टेसा जन्मल्यापासून जॅनाही त्यांना तेच म्हणू लागली होती. आज टेसा बापाबरोबर घरी होती, कारण एक गाय कधीही व्यायची होती. थिओला मात्र आईशिवाय चालत नव्हतं. जॅनानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मघापेक्षा गरम नव्हतं. तरी तिनं पुन्हा लावून पाहिला.

कॉकससाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेसाठी, शाळेच्या जेवणघरात गाव लोटलं होतं. पहिली-दुसरीतल्या पोरांच्या बाकांवर सहा-सहा फुटी शेतकरी गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. कॉफीचं मोठं पिंप सूं सूं करत होतं. बाहेर आयोवाची जानेवारी होती, आत ओल्या लोकरीचा वास होता आणि कोरीन हॅवरकँपनं तिच्या बेकरीतून आणलेले बदाम भरलेले, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे गोड डच लेटर्स होते. ते पहिल्या दहा मिनिटांतच निम्मे झाले होते.

जॅनानं कागद उघडला नाही. नुसता हातात धरला तरी तो जड लागत होता.

भाषण होतं गव्हर्नर कोलक्विट यांच्यासाठी. दक्षिणेतला माणूस, आधी चर्चमध्ये उपदेशक, मग गव्हर्नर, आता राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत. मे महिन्यात ते पाकेंच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. बेप्पेंचा केक दोनदा मागून घेतला, ताटली स्वतः धुतली, आणि हिवाळ्यात बर्फाच्या भारानं गोठ्याचं छप्पर खाली आलेलं कळलं तेव्हा तिथं जाऊन, टोपी काढून, त्यांनी प्रार्थना केली. पाकेंनी त्यांच्याशी हात मिळवला. "कॉकसच्या दिवशी तुमच्यासाठी मी बोलेन," म्हणाले. न्यू हार्लिंगेनमध्ये हात मिळवला की वर सही लागत नाही.

मग ऑक्टोबर आला. एका सकाळी रेडिओवर कोलक्विट भरल्या गळ्यानं सांगत होते की देवानं त्यांना स्वतः सांगितलंय, आयोवा तुझंच आहे. पाके पावाला लोणी लावत होते. सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. हा माणूस उद्या सकाळी दूध काढायचं म्हणतानासुद्धा 'देवाची इच्छा असेल तर' असं जोडत असे, आणि गायींची इच्छा वेगळी धरत असे. पण ते काही बोलले नाहीत. बेप्पेही बोलल्या नाहीत. चर्चमध्ये नाही, बेकरीत नाही, कुठंच कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. जॅना डे मॉइनची, शहरातली. तिला वाटलं, आपल्यालाच ते खटकलं असेल. इथल्या मुरलेल्या भाविकांना देव असं काही सांगत असणार.

जनमत चाचणीवाल्यांचे फोन मात्र रोज यायचे. एकदा बेप्पेंच्या ओट्याशी उभी असताना तिनंच फोन उचलला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, तुमचं मत कुणाला? बेप्पे दोन हातांच्या अंतरावर पीठ मळत होत्या. जॅनानं जरा मोठ्यानंच सांगितलं, "कोलक्विट." दुसऱ्या दिवशी तोच फोन बेप्पेंनी घेतला, आणि जॅना तिथंच थिओला भरवत बसली होती. "कोलक्विट," बेप्पे म्हणाल्या. पेपरात छापून आलं की या भागात गव्हर्नर साहेबांना तोड नाही.

आणि खरं सांगायचं तर जॅनाचं मत ठरून गेलं होतं. शेजारच्या गावातल्या वाचनालयात त्याच शर्यतीतल्या सेनेटर रेनशॉ आल्या होत्या. ऐकायला जेमतेम डझनभर माणसं. त्यांनी गावागावांतून बंद पडलेल्या पाळणाघरांबद्दल सांगितलं. मध्येच थिओ रडू लागला, तर त्या थांबल्या नाहीत की हसल्या नाहीत, फक्त आवाज खाली आणून बोलत राहिल्या. जॅना तिथून जी परत आली ती नाव मनात पक्कं करूनच. कोरा कागद मिळतो, त्यावर नाव लिहायचं, घडी घालायची, कुणाला कळणार? दुपारचं जेवण रोज सासूच्या टेबलावर, पोरं दिवसभर सासऱ्यांच्या मांडीवर. तिथं कशाला वादाचं बी पेरायचं? असा तिचा सरळ हिशोब होता. आता त्याच हातात हे भाषण आलं होतं. वाईट वाचावं तर पाकेंचा शब्द तिच्यामुळे मातीत जाणार. चांगलं वाचावं तर स्वतःच्याच मताला आपण खड्ड्यात घालणार.

"बसून घ्या, बसून घ्या," मेल्विन पोस्टमांचा मऊ आवाज आला. गावातले अंत्यविधी तेच करायचे, आणि सभांचं अध्यक्षपदही आपोआप त्यांच्याकडेच यायचं. "माझ्याकडे लोक एरवी येतात ते स्वतःच्या पायांनी नाही. आज आलात, आभारी आहे."

हशा पिकला. मग नियम सांगून झाले. प्रत्येक उमेदवारासाठी एकानं बोलायचं, तीन मिनिटं, टाळ्या आवरून वाजवायच्या.

"गव्हर्नर कोलक्विट यांच्यासाठी, आर्लन."

पाके उठले, गळ्याकडे बोट केलं, मग जॅनाकडे बोट केलं आणि खाली बसले.

"घसा गेलाय त्यांचा," बेप्पेंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "सून वाचेल."

"देवानं एकदाचा आर्लनला गप्प केला!" मागून कुणीतरी ओरडलं. "बेप्पे, तुमची प्रार्थना पावली!"

जॅनानं थिओला बेप्पेंच्या हवाली केलं आणि पुढं गेली. कागद शिसपेन्सिलीनं लिहिलेला होता. तिनं घसा साफ केला आणि कॉलेजात शिकवलं होतं तसं सगळ्यांत मागच्या भिंतीकडे पाहत सुरुवात केली.

"गव्हर्नर कोलक्विट मे महिन्यात आमच्या घरी आले होते. केक त्यांनी दोनदा घेतला. ताटली स्वतः धुतली, आणि चांगली धुतली. आमच्या गोठ्याचं छप्पर पडलं होतं. तिथं उभं राहून त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. छप्पर पुढं तुम्ही लोकांनी बांधून दिलंत, त्याबद्दल तुमचेही आभार. गव्हर्नर साहेबांना मी शब्द दिला होता की मी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलेन. ते बोललो. बाकी देवाची इच्छा."

जॅनानं कागद उलटा केला. मागे कोरं होतं.

ती थबकली. शेवट कुठं होता? भाषणाला शेवट लागतो. काय हवं ते समोरच्याकडून मागावं लागतं. न मागता कुणी मत देत नाही, हे तर तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हातारा माणूस, गोठ्यात घाईघाईनं लिहिलं असेल, राहून गेलं असेल. एक वाक्य जोडलं की काम झालं. 'म्हणून आज आपलं मत कोलक्विट यांना द्या.' ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं. दुसऱ्या कुणासाठी नाही, पाकेंसाठी. त्यांचा शब्द अर्धवट राहू नये म्हणून.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पाके कॉफीत चमचा फिरवत होते. अगदी मन लावून, कपात खोल कुठं तरी बघत. पाके साखर घेत नसत, दूधही घेत नसत.

"धन्यवाद," जॅना म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या, बेताच्या. तिचे कान तापले होते. आपण हातचं राखलं का? स्वतःच्या सोयीसाठी म्हाताऱ्याला फसवलं का? थिओला परत घेऊन तिनं त्याच्या कपाळाला गाल लावला. या वेळी ताप कुणाला आहे ते तिलाच कळेना.

आणखी दोन उमेदवारांची भाषणं झाली. मग पोस्टमांनी विचारलं, "सेनेटर रेनशॉ यांच्यासाठी कुणी?"

कुणी नाही. कॉफीचं पिंप तेवढं बोलत राहिलं. मग कोरीन हॅवरकँप बाकावरून अर्धीमुर्धी उठली. "मला काही बोलायचं नाही," ती लाल होत म्हणाली. "उगीच कुणी उभं नाही असं दिसू नये, म्हणून उभी राहिले." आणि बसली.

कोरे कागद फिरले. जॅनानं डाव्या हाताचा आडोसा करून नाव लिहिलं. शेजारी बेप्पेंनीही आडोसा केला होता. पाके तर जणू परीक्षेलाच बसले होते, अख्खा दंड कागदाभोवती.

मतं समोरच्या टेबलावर, सगळ्यांदेखत मोजली गेली. पोस्टमांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गव्हर्नर कोलक्विट, अकरा."

कुणीतरी श्वास आत ओढला.

"मधले दोघं मिळून सोळा. सेनेटर रेनशॉ..." ते थांबले. "त्रेचाळीस."

अशी शांतता पडली की पोस्टमांनी सवयीनं टाय सरळ केला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली, आधी चोरून, मग उघड.

"अगंबाई!" बेप्पे म्हणाल्या. "मला वाटलं, मी एकटीच!"

आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. "तू पण?" "आणि तू?" "मग फोनवर कोलक्विट-कोलक्विट कोण करत होतं?" "तुझी आई समोर बसली होती, काय सांगणार?" "देवानं त्याला सांगितलं म्हणे. मला तर आमचा पाद्री जेवणाचा मेन्यूसुद्धा नक्की सांगत नाही!" कोरीन हसता हसता डोळे पुसत होती. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात, फोन वाजला त्या वेळी, दुसरं कुणीतरी उभं होतं.

"तुम्हीसुद्धा?" जॅनानं बेप्पेंना विचारलं.

"पोरं सांभाळायला माणूस नाही म्हणून माझ्या सुनेनं नोकरी सोडली," बेप्पे म्हणाल्या. "मला काय डोळे नाहीत?"

पण एवढ्यानं जॅनाची सुटका नव्हती. पाके गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाले होते, टोपी खाली ओढून, कुणाशी न हसता. त्यांच्याच गावात, त्यांच्याच माणसाला अकरा मतं.

ती थिओला कोटात कोंबून मागोमाग बाहेर पडली. थंडीनं नाक चुरचुरलं. पाके ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते.

"पाके," ती लांबूनच म्हणाली. आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही हे तिला कळत होतं. "माझंही मत रेनशॉंनाच होतं. आणि तुमच्या भाषणात शेवटी एक वाक्य कमी होतं. मी ते जोडू शकले असते. मला सुचलं होतं. मी जोडलं नाही. तुम्हाला राग आला असेल तर..."

खरवडणं थांबलं. पाकेंनी मान वर केली. ती घाईघाईनं त्यांच्या दिशेनं निघाली, थिओ छातीशी, नजर त्यांच्या चेहऱ्यावर.

"जॅना, जपून! तिकडून नको, डावीकडून ये, तिथं बर्फाची नुसती काच झालीये!"

आवाज अख्ख्या पार्किंगभर खणखणला. दूर गाडीत शिरत असलेल्या पोस्टमांनी वळून पाहिलं. थिओनंसुद्धा.

पाके खोकले. एकदा, मग जरा उशिरानं दुसऱ्यांदा.

बेप्पे शेजारून चालत आल्या, पर्स उघडली आणि घशाची गोळी काढली. नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, वेष्टन सोडवलं आणि गोळी स्वतःच्या तोंडात टाकली.

"चला," त्या गाल फुगवून म्हणाल्या, "बाळ गारठेल."

जॅना डावीकडून वळून आली. पाकेंनी तिच्यासाठी ट्रकचं दार उघडून धरलं होतं.