मॅगझिन खिशात होतं

मी एक जुनी नकली रायफल आहे. चष्म्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर, रिकाम्या खोक्यांच्या आड पडून असते. अंगावर धूळ बसली आहे आणि नळीच्या तोंडाशी कोळ्याने संसार मांडला आहे. वाईट वाटतं का, असं विचाराल, तर खरं सांगते मित्रांनो, आता फारसं काही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. अंग प्लॅस्टिकचं, पण हातात घेणाऱ्याला खरी वाटावी म्हणून पोटात लोखंडाची पट्टी घातली. आणि कुणी खरी समजू नये म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी रंग फासला. एका हाताने सजवायचं आणि दुसऱ्याने पुसायचं, असा तो प्रकार. माझ्यात दारू नाही, धूर नाही. दांडी मागे ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते, मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्यातली एक गोळी नळीच्या मुळाशी येऊन बसते आणि चाप ओढला की सुटते. गोळीही प्लॅस्टिकची, मिऱ्यापेक्षा जराशी मोठी. जाड कपड्यावर बसली तर चिमटा काढल्यासारखं होतं, इतकंच. वारा सुटला की मात्र माझा नेम बोंबलतो. शिवाय लांबून माझा नारिंगी रंग कुणाला दिसत नाही. मालक एकदा मला खांद्याला अडकवून रस्त्याने निघाला, तर समोरून येणाऱ्या पोस्टमनने सायकल टाकून भिंतीआड उडी मारली. तेव्हापासून मी पिशवीतून जाऊ लागले.

माझा मालक चष्मे बनवतो. भिंगाच्या कडा घासून ती फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याचा शाळेपासूनचा जिवलग दोस्त शिंपी आहे. दर रविवारी सकाळी हे दोघं आणि आणखी सहा-सात जण गावाबाहेरच्या एका बंद गोदामात जमायचे आणि रंगवलेल्या भिंतींआड दडून एकमेकांवर गोळ्या झाडायचे. चाळिशी उलटलेली माणसं, पण गुडघे फोडून घ्यायची हौस दांडगी. मालक मला मऊ फडक्याने पुसायचा, तेलाचा एक थेंब द्यायचा, ‘माझी राणी’ म्हणायचा. ते दिवस चांगले होते.

त्या खेळाची एक रीत होती. माझ्या गोळीचा कपड्यावर डाग पडत नाही, त्यामुळे लागली की नाही हे ज्याला लागते त्यालाच ठाऊक. त्याने आपणहून हात वर करायचा, ‘लागली’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. शिंप्याइतका प्रामाणिक हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाहीला चाटून गेली तरी तो हात वर करायचा.

दुसरी रीत दारातल्या डब्याची. गोदामातल्या बसायच्या खोलीत सगळे खेळताना डोळ्यांवर घातलेले गॉगल काढत, म्हणून दाराबाहेर वाळूने भरलेला पत्र्याचा डबा ठेवला होता. आत जाण्यापूर्वी मॅगझिन काढायचं, नळी डब्यात खुपसायची आणि एकदा चाप ओढायचा. कारण मॅगझिन काढलं तरी दांडी ओढलेली असेल तर एक गोळी माझ्या पोटात उरते. हा माझा सगळ्यात मोठा दोष, आणि तो बाहेरून दिसत नाही. चाप ओढला की डबा ‘ठण्’ असा वाजायचा. एकेक जण आत यायचा आणि एकेक ठण् व्हायचं.

एका रविवारी मालकाने एकट्याने चौघांना बाद केलं. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याने मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि त्या आनंदाच्या भरात डब्याला वळसा घालून तो थेट आत आला. शिंपी आधीच आत येऊन पंचाने तोंड पुसत होता. मालक सगळ्यांना सांगू लागला, असा दबा धरला, असा नेम घेतला. दाखवण्यासाठी त्याने मला उचललं आणि चाप ओढला.

शिंप्याने पंचा खाली घेतला तेवढ्यात गोळी त्याच्या उजव्या डोळ्यात बसली. तो ओरडला नाही. सवयीने त्याचा एक हात वर गेला आणि तो म्हणाला, “लागली.”

तो डोळा गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मालकाने सांगितलं की बंदुकीचा खटका ढिला होता, ती आपोआप सुटली. सगळ्यांनी मान डोलावली. मित्रांनो, माझा खटका ठणठणीत होता. पण मला तोंड कुठे आहे? मी कपाटावर गेले. राग यायला हवा होता, तो आला नाही. स्प्रिंग सैल पडल्यावर आत काही ताणत नाही, तसं झालं.

पुढे चार वर्षं शिंपी दुकानात येत राहिला. सुई ओवताना दोरा नेढ्याशेजारून जातो, बटणांची काजं करायला दुप्पट वेळ लागतो, असं हसत सांगायचा. मालक त्याला भिंगं बदलून द्यायचा, एक पारदर्शक आणि गेलेल्या डोळ्यावर एक धुरकट. तो गेला की मालकाची बायको नवऱ्याला म्हणायची की मुक्या वस्तूवर ढकलून किती दिवस काढणार, एकदा सांगून मोकळे व्हा. सांगितलं तर दोस्त तुटेल, ही त्याची भीती. नाही सांगितलं म्हणून भिंगाच्या कडा त्याच्या हातून वेड्यावाकड्या घासल्या जाऊ लागल्या होत्या.

गेल्या आठवड्यात शिंपी नवी फ्रेम बसवून घ्यायला मागच्या खोलीत आला. मालकाच्या हातून भिंग निसटलं आणि फुटलं. तो तुकडे वेचायला वाकला नाही. त्याने हात वर केला, खेळात करायचे तसा.

“खटका ढिला नव्हता,” तो म्हणाला. “मॅगझिन खिशात होतं, म्हणून मी डब्यापाशी थांबलो नाही. चाप मीच ओढला.”

शिंपी खाली बसून काचा गोळा करत राहिला. “ठाऊक आहे मला. त्या दिवशी डबा वाजलाच नव्हता.”

“मग चार वर्षं बोलला का नाहीस?”

“लागली, हे सांगायचं काम माझं होतं. ते मी तेव्हाच केलं. उरलेलं तुझं होतं.”

मालक बराच वेळ हात वर धरून उभा होता. शेवटी शिंप्यानेच तो धरून खाली घेतला.

मला अजून कुणी खाली काढलेलं नाही. काढाल तेव्हा, मित्रांनो, आधी माझी नळी वाळूत खुपसा आणि चाप ओढा. माझ्या पोटात काही नाही असं मी स्वतः सांगितलं, तरी विश्वास ठेवू नका. आवाज ऐका आणि मगच डोळ्यांवरचा गॉगल काढा.