झाडाखालची टाकी

घरांची दलाली करणारे चीफ ओलोगुंडे फाटकाशीच थांबले आणि कुंपणाच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर लाल रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : हे घर विकाऊ नाही. फसव्यांपासून सावध. नायजेरियातल्या इबादान शहराच्या त्या गल्लीत निम्म्या घरांवर असंच काहीबाही लिहिलेलं होतं. मालक परगावी गेला की कुणीतरी तोतया मालक उभा राहायचा आणि घर परस्पर विकून मोकळा व्हायचा, म्हणून लोक भिंती रंगवून ठेवत. मात्र बाकीच्यांनी रंगारी बोलावला होता. इथली अक्षरं अबिओनाच्या आईने स्वतः शिडीवर चढून काढली होती. शाळेच्या ग्रंथालयात कपाटांवर विषयांची नावं लिहायची तशीच ती होती, वळणदार, आणि शेवटी ठसठशीत पूर्णविराम.

"हे आधी पुसावं लागेल," चीफ म्हणाले.

"आधी आत तर या," अबिओना म्हणाली.

हरमाटानचे, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या धुळकट वाऱ्याचे दिवस होते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत धुळीचा थर बसत होता. चीफ आईच्या वेताच्या खुर्चीकडे वळले, तेव्हा अबिओनाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. थंड पाणी दिलं, वाडग्यात चिन-चिन, पिठाचे तळलेले कुरकुरीत तुकडे, दिले. चीफनी पुन्हा एकदा रीतसर दुःख व्यक्त केलं. अशी बाई होणे नाही, म्हणाले. आईच्या मातीच्या दिवशीही ते आले होते. घरच्या लोकांनी जो निळा कपडा ठरवला होता त्याच कापडाचा झगा शिवून आले होते आणि मंडपात दोनदा ताट भरून जेवले होते. अबिओनाला ती दोन ताटं नेमकी आठवत होती. त्या दिवसातलं बाकी बरंच तिला आठवत नव्हतं.

आईला पुरलं होतं मागच्या अंगणात, आगबालुमोच्या फळझाडाखाली. तिची इच्छाच तशी होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने घराचाही विषय काढला होता. तू अबुजाला राहणार, बंद घर किती दिवस टिकेल, विकून टाक, असं ती अगदी व्यवहाराने म्हणाली होती. मग थोडा वेळ श्वास घेत पडून राहिली आणि म्हणाली, "घर विक. मला विकू नकोस."

चार महिन्यांत मागच्या दाराचं कुलूप दोनदा तुटलं. घर विकायचं हे ठरलंच होतं. प्रश्न राहिला होता तो आईच्या दुसऱ्या वाक्याचा.

चीफनी करारनाम्याच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या. नेहमीचाच मसुदा आहे, म्हणाले, वीस वर्षं हाच वापरतोय, सही जिथे करायची तिथे फुली मारली आहे. अबिओनाने निळी पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. शाळेच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हाच तिचा धंदा होता. चीफ चिन-चिन खात होते, दर दोन मिनिटांनी चावण्याचा आवाज थांबत होता, आणि तो थांबला की ते आपल्या पेन्सिलीकडे बघतायत हे तिला कळत होतं.

घर विकण्याचा हक्क एक वर्षभर फक्त चीफचा. तिने वर्ष खोडून तीन महिने केले. चीफ म्हणाले, तीन महिन्यांत तर शेळीसुद्धा विकली जात नाही. ती म्हणाली, मग शेळी विकू नका. ते हसले. पुढे होतं की गिऱ्हाईक कुणीही आणलं, अगदी मालकिणीच्या मावसभावाने घेतलं, तरी दलाली चीफनाच. तेही तिने खोडलं. त्यावर ते बराच वेळ बोलले. पेट्रोल किती महाग झालंय, लोक नुसतेच घर बघायला येतात आणि माल्टची बाटली पिऊन जातात, असं बरंच काही. अखेर तेही त्यांनी मान्य केलं, आणि इतक्या सहज मान्य केलं की तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढी दलाली सोडायला तयार होणारा माणूस दुसरीकडे काहीतरी धरून बसलेला असतो.

सातव्या कलमात लिहिलं होतं : खरेदीदाराला संपूर्ण जागेचा रिकामा ताबा देण्यात येईल.

"रिकामा म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे घरात भाडेकरू वगैरे नको. साधी गोष्ट आहे, पोरी. तू फार खोलात शिरतेस."

आत्तापर्यंत ते तिला मॅडम म्हणत होते. पोरी आणि तू आत्ता आलं, सातव्या कलमाला. वयाने त्यांना तो अधिकार होता, पण तासाभरात त्यांनी तो वापरला नव्हता. अबिओनाने कलमासमोर एक टिंब दिलं आणि पान उलटलं.

शेवटी जागेचा नकाशा जोडलेला होता, हातानेच काढलेला, पण नीटस. फाटक, घर, विहीर, झाड. झाडाखाली एक लांबट चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : टाकी.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. छापील पानावर चुकीचा शब्द दिसला की आधी अक्षरांवर विश्वास बसत नाही, तसं झालं.

"चीफ, ही टाकी कुठली?"

"कुठली?"

"तुमच्याच नकाशातली. झाडाखाली काढली आहे."

चीफनी टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, पुन्हा घातली. "ती नुसती खूण आहे गं. नकाशात काहीतरी लिहावं लागतं."

"आमची टाकी छपरावर आहे. खाली कधी नव्हतीच."

"हे बघ," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "तुला धंदा कळत नाही, यात तुझा दोष नाही. गिऱ्हाईक ती जागा बघतं. एक जण घाबरून निघून जातो. दुसरा घाबरल्याचं सोंग करतो आणि निम्म्यात मागतो. म्हणून आधी घर आवडू द्यायचं. मागचं मी नंतर सांगतो, गोडीगुलाबीनं."

"नंतर म्हणजे कधी?"

"ताबा घेतल्यावर."

"आणि ताबा रिकामा."

"अगं, घरात माणूस नको एवढंच त्यात—"

"माणूस आहे," अबिओना म्हणाली.

शेजारच्या घरातला जनरेटर सुरू झाला. चीफ पाणी प्यायले. अबिओनाच्या डोळ्यांसमोर तो लांबट चौकोन होता. त्याच्यावर सिमेंटचा थर, त्याच्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर काळी टाकी. नव्या मालकाला कुणीतरी सांगणार, टाकी इथेच बसवायची, नकाशात जागा ठरलेली आहे. कुणी कुणाशी खोटं बोललं असंही म्हणता येणार नाही.

"या भागात आजवर अशा किती टाक्या काढल्यात तुम्ही?"

"अगदी आईवर गेलीस," चीफ हसून म्हणाले.

तिला त्यांना घालवून द्यावंसं वाटलं. पण दुसरा एजंट आणला तर तोही नकाशा काढणारच, आणि तो यांच्याहून हुशार निघाला तर टाकी हा शब्दसुद्धा लिहिणार नाही. निदान या माणसाची चोरी कशी असते ते आता तिला माहीत होतं. तिने कोरा कागद घेतला आणि अटी सांगायला सुरुवात केली. झाड आणि त्याखालची जागा विक्रीत धरायची नाही. मागच्या बोळातून तिथे यायला वाट राहील. प्रत्येक गिऱ्हाईकाला खोल्या दाखवण्याआधी तिथे न्यायचं. भिंतीवरची अक्षरं घर विकलं गेल्यावर पुसायची, एक दिवस आधी नाही. आणि हे सगळं चीफनी स्वतःच्या हाताने करारात लिहायचं.

चीफ म्हणाले, आपल्यात कागद कशाला, तुझी आई मला भावासारखी मानायची. अबिओनाने पेन त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, असं लिहिलं तर घर पाच वर्षं विकलं जाणार नाही. ती म्हणाली, तीन महिन्यांनी आपण दोघंही मोकळे.

त्यांनी लिहायला घेतलं, आणि त्या शब्दापाशी पेन थांबलं. तासाभरात त्यांनी मागचं म्हटलं होतं, ती जागा म्हटलं होतं, नकाशात टाकी लिहिलं होतं.

"विश्रांतिस्थान लिहू?"

"कबर."

"जरा सौम्य काहीतरी, मॅडम."

"तीनच अक्षरं आहेत, चीफ."

त्यांनी लिहिली. दुसऱ्या प्रतीवरही लिहिलं, भराभर, आणि सहीसाठी दोन्ही प्रती तिच्याकडे सरकवल्या. अबिओनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहिली. तिच्या प्रतीत कबर होती. चीफच्या प्रतीत 'झाडाखालची राखीव जागा' होती. तिने त्या शब्दांखाली निळी रेघ मारली आणि प्रत त्यांना परत केली. चीफनी ते खोडून पुन्हा लिहिलं. या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग नकाशातली टाकीही खोडायला लावून तिने सही केली.

शनिवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. श्रीमती अडेटोरो नावाची बाई, सरकारी इस्पितळात परिचारिका, एकटीच आली होती. अबिओना स्वयंपाकघरात जाळीच्या खिडकीमागे उभी राहिली. चीफ बाईंना भिंतीसमोरून घाईघाईने पुढे घेऊन आले, छपराचं कौतुक केलं, विहिरीचं केलं, आणि थेट पुढच्या दाराच्या पायऱ्यांकडे वळले. अबिओना मोठ्याने खोकली.

पावलं थांबली. मग मागच्या अंगणाकडे आली.

"ही," चीफ म्हणाले आणि थांबले. "ही या घरच्या बाईंची कबर आहे. विक्रीत नाही. पण इथेच राहणार."

मग कपड्याची सळसळ झाली. श्रीमती अडेटोरो झाडाखाली दोन्ही गुडघ्यांवर टेकल्या होत्या.

"एकू इले, आई," त्या म्हणाल्या.

बाहेरून येणारा माणूस घरात असलेल्याला रोज दारातून म्हणतो तेच. आवाजही तसाच रोजचा होता, बाजारातून परत आल्यासारखा.

अबिओनाने आधी चीफच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हेही त्यांनीच पढवलं असेल का? वाटेत गाडीत सांगितलं असेल, मुलगी खिडकीत उभी असेल, असं असं म्हणा. पण चीफ टोपी हातात घेऊन उभे होते, आणि काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. टोपी पुन्हा घालावी की नाही हेही नाही. तरी ती मागच्या दाराने बाहेर आली आणि तिने सरळच विचारलं, "असं म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी गुडघ्यांवरची धूळ झटकली. "सांगायला कशाला हवं? कुणाच्या घरी आलं की घरातल्या माणसाशी आधी बोलतात." मग त्यांनी कबरीकडे पाहिलं, अबिओनाकडे पाहिलं, आणि थांबून राहिल्या.

त्या कशासाठी थांबल्या आहेत हे अबिओनाच्या जरा उशिरा लक्षात आलं. एकू इले म्हटल्यावर घरातल्या माणसाने उत्तर द्यायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत आलेल्या माणसाने पाऊल पुढे टाकायचं नसतं. चीफ इतक्या वेळा या घरात आले होते, पण असे थांबलेले तिला आठवत नव्हते.

"या," आईच्या वतीने ती म्हणाली, आणि दार उघडायला पुढे झाली.